आत्याला झोपवून दाढ काढतात का?

प्रश्न: डॉक्टर, आमची आत्या खानापूरला असते, वय 56. खालची दाढ पार किडलीय, रात्री कळ आली की लवंग दाबून बसते, पण दवाखान्यात नेलं की ड्रिलचा आवाज ऐकूनच दारातनं परत. कुणीतरी सांगितलं बेळगावात झोपवून दाढ काढतात, खरं काय? बीपीची गोळी चालू आहे. आणि ती विचारते, परत उठेन ना मी?

उत्तर: उठतील की, कारण यात पूर्ण झोपवतच नाहीत. आत्या जाग्या असतात, तोंड उघडा म्हटलं की उघडतात, श्वास आपला आपण घेतात, फक्त छातीतली धडधड उतरते. हिरडीत बधिर करायची सुई मात्र मारावीच लागते, हे आधीच सांगा, नाहीतर आम्हाला फसवलं म्हणतील!

साधा प्रकार म्हणजे गॅस. नाकावर मास्क लावून आधी नुसता ऑक्सिजन, मग त्यात नायट्रस ऑक्साईड हळूहळू वाढवत नेतात, बहुतेकांना 30 ते 50 टक्क्यांत बरं वाटतं, आणि ऑक्सिजन 30 टक्क्यांखाली जाऊच नये अशी मशीनची रचना असते. शेवटी पाचेक मिनिटं परत ऑक्सिजन दिला की गुंगी उतरते. सगळा खेळ नाकाचा, त्यामुळं सर्दीनं नाक चोंदलं असेल तर तारीख पुढं ढकला.

दुसरा प्रकार मिडाझोलाम, म्हणजे गुंगीचं औषध, गोळी-सिरप नाहीतर शिरेतून. यात नंतर बरंचसं आठवतच नाही, भित्र्या माणसाला ते बरंच म्हणायचं. पण श्वास मंदावू शकतो, म्हणून शिरेतून देताना शिकलेला माणूस, बोटाला पल्स ऑक्सिमीटर आणि हाताशी ऑक्सिजन पाहिजेच, हे नसेल तिथं मी माझ्या घरच्यांना नेणार नाही. आत्या जोरात घोरतात का, झोपेची गोळी घेतात का, सगळं सांगा. बीपी आटोक्यात असेल तर सहसा अडत नाही, त्या दिवशीची गोळी घ्यायची का ते मात्र विचारून घ्या. शिरेतून देणार असतील तर 6 तास जेवण नको. परत नेताना बाइकवर मागं बसवू नका, गाडी करा, दुसऱ्या दिवसापर्यंत चुलीजवळ जाऊ देऊ नका, कुठल्या कागदावर सहीही नको.

एका दाढेसाठी मी तरी आधी गॅसच सुचवीन. तो सगळीकडं नसतो, म्हणून निघण्याआधी फोन करा, बेळगावच्या डेंटल कॉलेजात पण चौकशी करा. आणि संमतीचा फॉर्म कन्नड नाहीतर इंग्रजीत असला तर आत्यांना मराठीत वाचून दाखवायला सांगा, मगच सही.