कमीत कमी अक्षरांत लिस्प कोड कसा लिहायचा? कंसांमुळे लिस्प कोड गोल्फमध्ये हरणारच ना?

नाही, हरत नाही. तुमच्या प्रश्नातला तो शेवटचा "ना?" वाचला आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी हिंजवडीतल्या एका मीटिंग रूममध्ये पंधरा जणांसमोर ऐकून घेतलंय, आणि त्या दिवशी मला धड उत्तर सुचलं नव्हतं.

शुक्रवारची दुपार होती. ऑफिसात कोड गोल्फ ठेवलं होतं. १ ते १०० आकडे रोमन अंकांत छापायचे, एका ओळीत एक. भाषा कुठलीही, वेळ अर्धा तास, ज्याचे बाइट कमी तो जिंकला. बाकी सगळे पायथन नाहीतर जावास्क्रिप्टवाले, एक जण पर्लवाला, आणि कॉमन लिस्प (लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेचा एक प्रकार) घेऊन बसलेला मी एकटा. एसबीसीएल, म्हणजे कॉमन लिस्प चालवणारा कंपायलर, उघडला तोच मागून आवाज आला, "अरे, कंस मोजण्यातच अर्धा तास जाईल तुझा." बोलणारे आमचे टीम लीड होते आणि परीक्षकही तेच.

कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, बाइट मात्र मूळ रोमन स्पेलिंगचे मोजलेत. माझा पहिला प्रयत्न असा:

(लूप फॉर आय फ्रॉम १ टू १०० डू(फॉरमॅट टी"~@आर~%"आय))

यातलं ~@आर म्हणजे 'आकडा रोमन अंकांत छाप'. हे झाले ४७ बाइट. लूपमध्ये 'फॉर'च्या जागी 'ॲज' चालतं, म्हणजे ४६. मग लूपच काढून टाकलं आणि डूटाइम्स घेतलं. ते शून्यापासून मोजतं आणि शून्याला रोमन अंक नाही, म्हणून आयच्या जागी (१+ आय) घालावं लागलं, तरीही ३९ वर आलो. शेवटची गंमत नवी ओळ सुरू करणाऱ्या ~% ची. ती दोन बाइट खाते. स्ट्रिंगच्या आत सरळ एंटर दाबला तर तेच काम एका बाइटात होतं:

(डूटाइम्स(आय १००)(फॉरमॅट टी"~@आर
"(१+ आय)))

३८ झाले. पाच मिनिटं उरली होती म्हणून (१+ आय) मधली जागाही काढून पाहिली. एसबीसीएलने लगेच सांगितलं की या नावाचं फंक्शनच नाही. बरोबरच आहे, '१+' हे अख्खं एक नाव आहे, त्याला आय चिकटला की तिसरंच नाव तयार होतं. जागा परत घातली आणि कोड दिला.

माझ्यानंतरचा सगळ्यात छोटा कोड शंभरीच्या पुढे होता. लीडनी माझा स्क्रीन पाहिला, ~@आर वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे तू कुठे लिहिलंस? हे तर रेडीमेड आहे. बाद." वर, "आणि कंस बघा किती!" सगळे हसले. मी गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं मला अजून खुपतं.

तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितो. फॉरमॅट ही बाहेरून आणलेली लायब्ररी नाही. १९९४ च्या अ‍ॅन्सी प्रमाणकात ती भाषेचा भाग म्हणून आहे, काहीही इंपोर्ट करावं लागत नाही. पायथनवाल्याने सॉर्टेड वापरलं म्हणून कोणी त्याला बाद करतं का? फॉरमॅट म्हणजे स्ट्रिंगच्या आत बसलेली एक छोटी भाषाच आहे. ~{ ने यादीवर फिरता येतं, ~[ ने पर्याय निवडता येतो, ~^ ने मध्येच बाहेर पडता येतं. नुसत्या ~आर ला १२३४ दिले तर ती 'वन थाउजंड टू हंड्रेड थर्टी-फोर' छापते. ~:@आर लिहिलं तर चार हा आकडा घड्याळाच्या तबकडीवर असतो तसा चार उभ्या रेघांचा येतो. हे माहीत असणं म्हणजे फुकट मिळालेली चाल नव्हे, मी रात्री जागून प्रमाणक वाचलंय त्यासाठी.

आता कंस. वरच्या ३८ बाइटांत कंस मोजा, ८ भरतात. डूटाइम्स आणि फॉरमॅट या दोन नावांनीच १३ खाल्लेत. लिस्प मार खाते ती लांबलचक नावांमुळे. लॅम्डा सहा अक्षरं, मल्टिपल-व्हॅल्यू-बाइंड तर हायफन धरून १९. उलट कंस एक बाइट घेतो आणि शेजारची जागा वाचवतो, कारण कंसाला लागून स्पेस लागतच नाही. अवतरणचिन्हाचंही तसंच, म्हणून वर टी"~ असं चिकटवलंय.

मॅपकारला (यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवतं ते) फंक्शन देताना #' लिहू नका. नुसतं ' पुरतं, आणि मॅपकार'कार असं जोडूनही लिहिता येतं. दोन बाइट वाचतात (फंक्शन ग्लोबल असेल तरच). निलच्या (रिकाम्या यादीच्या) जागी () लिहा. यादीतला दुसरा घटक हवा असेल तर कारच्या (पहिला घटक) आत कुडर (उरलेली यादी) लिहिण्यापेक्षा कॅडर घ्या, १२ चे ८ होतात. एखादा तुकडा दोनदा येत असेल तर पहिल्या वेळी त्याच्याआधी #१= लावा आणि दुसऱ्या वेळी नुसतं #१# लिहा. तुकडा ६ बाइटांहून लांब असेल तरच यात फायदा आहे.

आणि स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर, "भाषेत अंगभूत असलेलं सगळं चालेल ना?" हे विचारून घ्या. परीक्षक हो म्हणाले की ते फळ्यावर लिहायला लावा. नंतर कोणी 'रेडीमेड' म्हणालं तर गप्प बसू नका, फळ्याकडे बोट दाखवा.

हे सगळं कॉमन लिस्पपुरतं आहे. लिस्पच्या इतर प्रकारांत, म्हणजे स्कीममध्ये किंवा ईमॅक्स लिस्पमध्ये, ~@आर मिळेल या भरवशावर राहू नका. क्लोजर या प्रकारात सीएल-फॉरमॅट आहे, पण ते पीप्रिंट या लायब्ररीतून बोलवावं लागतं आणि तिथेच बाइट जातात. एसबीसीएलमध्ये ~@आर ३९९९ पर्यंतच चालतं. ~आर ला लाख ठाऊक नाही, ती 'वन हंड्रेड थाउजंड' म्हणते. कामाच्या कोडमध्ये यातलं काहीही लिहू नका, दुसऱ्याला वाचायचा असतो तो. आणि व्हेरिएबलला हौसेने 'क' नाव द्यायला जाल तर एसबीसीएल ते घेतं, पण यूटीएफ-८ मध्ये त्या एका अक्षराचे ३ बाइट मोजले जातात.