ब्रांच-लाइन कपलर लहान करताना आधी हार्मोनिकचा विचार कर

सिम्युलेटरमध्ये लगेच रेषा वाकवायला घेऊ नकोस, आधी कागदावर गणित मांड. साध्या ब्रांच-लाइन कपलरच्या (सिग्नल 90 अंशांच्या फेजफरकाने दोन समान भागांत वाटणारे चौकोनी सर्किट) पाव-तरंगलांबीच्या चारही बाजू तिप्पट वारंवारितेला पुन्हा तशाच वागतात, म्हणून तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारितेचा नको असलेला सिग्नल, बिनदिक्कत बाहेर पडतो.

प्रत्येक बाजूच्या जागी टी-रचना घे: 30 अंशांच्या दोन रेषा (एक पूर्ण तरंगलांबी म्हणजे 360 अंश), मध्ये ओपन स्टब, म्हणजे टोक मोकळे असलेली फांदीरेषा. चारपैकी दोन बाजूंचा इम्पिडन्स 50 ओहम असतो, दोघींचा 35.4; 50 ओहमच्या बाजूसाठी रेषा 86.6 ओहमच्या येतात, 35.4 च्या बाजूसाठी 61.2. बाजूची लांबी दोन-तृतीयांश होते, क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी.

खरी गंमत स्टबच्या लांबीत आहे. मूळ वारंवारितेला 45 अंशांचा स्टब दुसऱ्या हार्मोनिकला शॉर्ट होतो, म्हणजे त्याला पुढे जाऊ देत नाही, 30 अंशांचा तिसऱ्याला. दोन्ही आउटपुटकडे जाणारा प्रत्येक मार्ग 35.4 वाल्या बाजूतूनच जातो, त्यामुळे जो हार्मोनिक जास्त त्रास देतो त्याचा स्टब तिथेच लाव. 45 अंशांचे स्टब सरळ आत वळवलेस तर मध्यभागी एकमेकांवर आदळतील. ते दुमड, आणि त्यांच्यात अंतर ठेव, नाहीतर आपसातल्या कपलिंगने शून्यबिंदू, म्हणजे हार्मोनिक अडतो ती वारंवारिता, सरकतो.

शेवटची जुळवणी संपूर्ण लेआउटच्या ईएम (विद्युतचुंबकीय) सिम्युलेशनवरच कर. आयसोलेशन (चौथ्या पोर्टवर सिग्नल न जाणे) आणि 90 अंशांचा फेजफरक तेव्हाच तपास.