पर्समधलं पिस्तूल

प्रश्न : काका, महामार्गालगत आमचा पेट्रोल पंप आहे. बाबा 76 वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून पंप मीच बघते. रात्री साडेदहाला हिशेब मिटवून रोकड घेते आणि स्कूटरवरून घरी येते. अंतर चार किलोमीटर, त्यातला दीड किलोमीटर दोन्ही बाजूंनी ऊस. मागच्या महिन्यात आमच्या पंपावरच्या मुलाला त्याच रस्त्यावर दोघांनी अडवलं आणि मोबाईल, पाकीट काढून घेतलं. बाबांकडे 1979 पासून परवान्याचं .25 चं (म्हणजे पाव इंच जाडीच्या गोळीचं) बेल्जियन पिस्तूल आहे. मुठीवर खाली ‘बेबी’ असं कोरलंय. 2024 च्या विधानसभेला पोलीस ठाण्यात जमा केलेलं परत आणलं, तेव्हा मी ते पहिल्यांदा हातात घेतलं. माझ्या मोबाईलपेक्षा लहान आहे. खरं सांगते, गेल्या आठवड्यात दोन रात्री ते पर्समध्ये घेऊन आले. बाबा म्हणतात, परवाना तुझ्या नावावर करून घेऊ. डॅलसचा मामेभाऊ म्हणतो, तिकडे बायका असलीच लहान पिस्तुलं बाळगतात. नवरा म्हणतो हे खेळणं आहे, घ्यायचंच तर ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर घे. एवढंसं पिस्तूल वेळेला खरंच उपयोगी पडतं का?
— सौ. मा., सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी ते पर्समधून काढा. परवाना बाबांच्या नावावर आहे. पोटची मुलगी असलात तरी आज ते तुमच्याजवळ सापडलं, तर 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. दोन रात्री गेल्या त्या गेल्या, तिसरी नको.

आता मूळ प्रश्न. मी 29 वर्षं पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. रायफल, कार्बाइन, रिव्हॉल्वर सगळं हाताखालून गेलं. पण परवान्याची खाजगी हत्यारं जवळून पाहिली ती निवडणुकांच्या वेळी, जमा करून घेताना. तुमच्या बाबांच्या पिस्तुलाच्या जातीची मी तीस-चाळीस तरी उघडून पाहिली असतील. त्यातलं एक अजून डोळ्यासमोरून जात नाही.

2004 ची लोकसभा. एक अडत व्यापारी मिठाईच्या पिशवीत गुंडाळून ‘बेबी’ घेऊन आले. म्हणाले, “रिकामं आहे, साहेब.” मी मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढलं. त्यातली काडतुसं हिरवी पडली होती, पितळेवर कळकलेल्या भांड्यासारखा थर. मग नळी भिंतीकडे धरून स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे खेचली, तशी आतून एक काडतूस टणकन उडून टेबलावर पडलं. ते गृहस्थ खुर्चीत बसलेच. नऊ वर्षं ते पिस्तूल सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून स्कूटरवर फिरत होते. नळीत काडतूस, काडतुसावर आपटणारी आतली दांडी म्हणजे स्ट्रायकर ताणलेला, आणि मध्ये फक्त अंगठ्याने सरकवायची एक खिट्टी. ‘बेबी’च्या आधीच्या 1906 च्या मॉडेलला मूठ आवळल्याशिवाय गोळी सुटू न देणारी एक जादा सेफ्टी होती. 1931 च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कारखान्याने ‘बेबी’ काढताना आकार आणखी आटवला, त्यात तीही गेली.

हे मुद्दाम सांगतोय, कारण तुम्हाला पहिला निर्णय इथेच घ्यावा लागतो. नळीत काडतूस ठेवून फिरायचं की नळी रिकामी ठेवायची? या पिस्तुलाच्या बाबतीत भरून फिरू नका, असं मी कुणालाही सांगेन. ते पडलं, आपटलं, पर्समधल्या किल्ल्यांनी खिट्टी सरकली, तर पुढे काही अडवणारं नाही. मग नळी रिकामी ठेवली, तर वेळेला दोन हात लागतात. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीने स्लाइड खेचायची. ती स्लाइड बोटाएवढी, आतली स्प्रिंग मात्र ताठ, कारण गोळी सुटताना स्लाइडला थोपवायचं काम स्लाइडचं वजन आणि ती स्प्रिंगच करतात. घरात, दिव्याखाली, कोरड्या हातांनीसुद्धा कितीतरी बायकांची आणि वयस्क पुरुषांची बोटं त्यावरून निसटताना मी पाहिली आहेत. तुमचा एक हात स्कूटरच्या हँडलवर असणार. साताऱ्याचा पाऊस म्हणजे चार महिने पर्स रेनकोटच्या आत.

एक गोष्ट घरी करून बघा. पिस्तुलाला हात लावायचा नाही. त्याच्या जागी चष्म्याची डबी पर्समध्ये तळाशी ठेवा, वर रोजचं सामान भरा, चेन लावा, पर्स नेहमीसारखी अडकवा. नवऱ्याला सात पावलांवर उभं करा आणि तुम्हाला न सांगता तुमच्याकडे धावत यायला सांगा. तो हलला की डबी काढायची आणि दोन्ही हातांनी उघडायची. पहिल्या पाच खेपांत काय होतं ते वहीत लिहून ठेवा. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये हाच हिशेब मांडला होता. धडधाकट माणूस 21 फूट दीड सेकंदात पार करतो, आणि कमरेच्या उघड्या होल्स्टरमधून, म्हणजे हत्याराच्या म्यानातून, सराईत हाताने हत्यार काढून झाडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. हे कमरेच्या हत्याराचं. पर्सच्या चेनचा वेळ त्यात धरलेला नाही.

लहान पिस्तूल कुणाच्या कामाचं असतं, हे मला नोकरीत उमगलं. ज्याला वेळ आणि जागा स्वतः निवडता येते, त्याच्या. 14 एप्रिल 1865 ला वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरात लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, ती एकदाच झाडता येणाऱ्या खिशातल्या डेरिंजर पिस्तुलातून, पाठीमागून आणि अगदी जवळून. मारेकऱ्याला दुसऱ्या गोळीची गरज पडणार नव्हती, घाई नव्हती, समोरचा बेसावध होता. उसाच्या रस्त्यावर बेसावध तुम्ही असणार. वेळ ठरवणारे ते लुटारू.

समजा तरीही पिस्तूल वेळेत हातात आलं. मूठ एवढी आखूड की दोनच बोटं बसतात. नळी जेमतेम दोन इंच, नेम धरायची वरची माशी ज्वारीच्या दाण्याएवढी. अंधारात ती दिसत नाही. एका रायफल क्लबने परवानाधारकांसाठी सराव ठेवला होता, तेव्हा मला रेंजवर देखरेखीला बोलावलं होतं. एका वीटभट्टीवाल्यांनी अशाच पिस्तुलातून सात पावलांवरच्या माणसाएवढ्या निशाणीवर सहा गोळ्या झाडायला घेतल्या. तिसरं काडतूस फुटलंच नाही, पाचव्याची पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली. सुटलेल्यांपैकी दोन निशाणीला लागल्या. आणि गडबडीत त्यांच्या डाव्या हाताचं बोट नळीच्या तोंडापुढे आलं, ते मी हात धरून मागे घेतलं. पिस्तूल लांबीला साडेदहा सेंटिमीटर, हात मोठा, बोट पुढे जायला वेळ लागत नाही. नंतर साफ करून चांगल्या काडतुसांवर मी तेच झाडलं. सहाही सुटल्या, चार छातीत गेल्या. रोज हत्यार हाताळणाऱ्या माणसाचा हा निकाल, भरदिवसा, समोर कागद असताना.

पिस्तूल अडकण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. खिशातलं, पर्समधलं हत्यार कापसाचे तंतू, पावडर, नाण्यांची धूळ खातं. होल्स्टरमधलं तेवढं खात नाही. आमच्याकडे रोज फुलतरू (नळी पुसायची दोरी) आणि चिंधी मारल्याशिवाय हत्यार रॅकला लागत नसे. घरोघरच्या पिस्तुलांना वर्षानुवर्षं तेलाचा थेंब लागत नाही, मॅगझिन भरलेलंच राहतं, त्याचे ओठ वाकतात. एक मिलिमीटर वाकले तरी काडतूस तिरकं चढतं.

गोळीच्या ताकदीबद्दल थोडक्यात. .25 ची गोळी सव्वातीन ग्रॅमची. तिची ऊर्जा 90 ज्यूलच्या आसपास, म्हणजे पोलिसांच्या 9 एमएमच्या साधारण पाचव्या भागाएवढी. तिने माणूस मरू शकतो, म्हणून नवऱ्याला सांगा, ते खेळणं नाही. पण अंगावर धावून येणारा माणूस तिथल्या तिथे थांबेल, ही खात्री तिच्यात नाही. हाताच्या पिस्तुलाची गोळी लागून माणूस सिनेमात उडतो तसा उडत नाही. मेंदूला किंवा मणक्याला धक्का लागला नाही, तर तो आणखी काही सेकंद कोयता चालवू शकतो. त्या काही सेकंदांत तुम्ही त्याच्या हाताच्या अंतरावर असता.

मामेभावाचं म्हणणं खोटं नाही, पण तिथली गोष्ट इथे लागू होत नाही. तिकडे 2008 मध्ये रुगर कंपनीचं एलसीपी पिस्तूल आलं, ‘बेबी’च्याच वजनाचं पण .380 चं, म्हणजे बरंच जोरकस. 2018 मध्ये सिग कंपनीचं पी365 आलं, खिशात मावणारं 9 एमएम, दहा काडतुसांच्या मॅगझिनचं. तिथले लोकसुद्धा .25 मागे टाकून पुढे गेले. आपल्याकडे 9 एमएम खाजगी माणसाला निषिद्ध आहे आणि सर्वसामान्यांसाठी परदेशी हत्यारांची आयात 1980च्या दशकात बंद झाली. त्यामुळे तुमच्या हाती येतं ते बाबांच्या तरुणपणचं यंत्र, आणि बहुधा काडतुसंही तेव्हाचीच.

‘निर्भीक’बद्दल. दिल्लीच्या 2012 च्या निर्भया घटनेनंतर 2014 च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने ते काढलं. .32 चं सहा काडतुसांचं रिव्हॉल्वर, वजन 500 ग्रॅम, तेव्हाची किंमत 1,22,360 रुपये. यंत्र म्हणून ते तुमच्या ‘बेबी’पेक्षा नक्कीच चांगलं. रिव्हॉल्वरला स्लाइड खेचावी लागत नाही. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप दाबायचा, पुढचं समोर येतं. चाप लांब आणि जड असतो, त्यामुळे चुकून दाबला जायची भीती कमी. पण त्याच जड चापाने निशाण हलतं, आणि हत्यार जितकं हलकं तितका झटका मनगटाला जास्त. पाव किलोचं .22 चं ‘निडर’ही आहे. त्याच्या काडतुसात पेटणारा मसाला कडेच्या वळीत भरलेला असतो आणि ते न फुटण्याचं प्रमाण जास्त असतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी .25 चं काडतूस मध्यभागी कॅप ठेवून बनवलं, ते याच कारणासाठी. जीव वाचवायला मी .22 सुचवणार नाही.

मग उत्तर काय? माझ्या मते, तुमच्या कामासाठी, तुमच्या रस्त्यावर, पर्समध्ये ठेवलेलं कुठलंही पिस्तूल उपयोगाचं नाही. आणि ‘बेबी’ तर मुळीच नाही. आणखी एक भीती मला सगळ्यात जास्त वाटते. त्या दोघांना रोकड हवी आहे. ती पर्स ते हिसकावणारच, आणि तीत पिस्तूल असेल तर ते त्यांच्या हातात जाईल. परवान्याच्या हत्याराचा हा शेवट मी कागदावर दोनदा नोंदवून घेतला आहे.

यावर कुणी म्हणेल, स्वसंरक्षणाचा हक्क आहे की. आहेच. भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 कलमांत तो सविस्तर दिलाय, आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर तो जीव घेण्यापर्यंत जातो. पण ती भीती वाजवी होती हे नंतर तुम्हाला ठाण्यात आणि कोर्टात सांगावं लागतं, आणि ऊसातून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी लागली तर ते सांगता येत नाही.

रोकड रात्री घरी नेणंच थांबवा. पंपावर जमिनीत पक्की बसवलेली, फटीतून आत पैसे टाकायची तिजोरी घ्या आणि तिची किल्ली पंपावर ठेवू नका. ‘निर्भीक’च्या पैशांत ती येईल. बँकेत भरणा दिवसा, वेळ रोज बदलून, दोघांनी, चारचाकीतून. पंपावरून रोकड उचलून नेणाऱ्या एजन्सी आहेत, तुमच्या बँकेत चौकशी करा. रोकड घरी येत नाही, हे पंपावरच्या पोरांना उघडपणे सांगा, म्हणजे ते चहाच्या टपरीपर्यंत आपोआप पोचेल. त्या मुलाच्या लुटीची तक्रार नोंदवली नसेल, तर उद्याच नोंदवा आणि त्या दीड किलोमीटरवर साडेदहाच्या सुमारास गस्त मागा, लेखी.

परवान्याचं राहिलं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीपुढे गेला की हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो, त्यामुळे बाबांचं म्हणणं कायद्याला धरून आहे. आठवण म्हणून ठेवायचं असेल तर जरूर करा. पोलीस चौकशी होईल, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल. शिकायला रेंजवर जाल तेव्हा मनापासून शिका. आठवण नको असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे द्या.

आणि आजच करायचं काम. तुम्ही लिहिलंत, दोन रात्री ते पर्समध्ये होतं. त्याची नळी रिकामी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. स्वतः स्लाइड खेचून बघू नका. बाबांचा परवाना आता हत्याराशेजारी ठेवा, कपाट कुलूपबंद करा, मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा आणि ठाण्यात फोन करून मुख्यालयाचा आर्मरर मागा. ते बाबांसमोर त्यालाच उघडू द्या. जुनी काडतुसं त्याच्याच हवाली करा आणि पावती घ्या.