विद्यार्थी व्हिसावर बातमीचे मानधन घेता येते का?

प्रश्न : मी दोन वर्षांपासून एका मराठी दैनिकाची तालुका प्रतिनिधी आहे. पगार नाही, छापून आलेल्या मजकुरानुसार मानधन मिळते. पुण्यात पत्रकारितेची पदविका घेतल्यानंतर आता ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठात एक वर्षाच्या एम.ए.साठी अर्ज करण्याचा विचार आहे. तिथून आमच्या दैनिकाला बातम्या पाठवून आणि स्वतःची यूट्यूब वाहिनी चालवून थोडा खर्च भागवावा, असा माझा हिशेब आहे. तो बरोबर आहे का? आणि परत येऊन मराठीतच काम करायचे असेल, तर या पदवीचा उपयोग काय?
– एक वाचक, वाई

उत्तर : हिशेबातील ही जमेची रक्कम आजच खोडून टाका. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मज्जाव आहे, आणि छापून आलेल्या मजकुरामागे मिळणारे मानधन तिथल्या नियमांच्या भाषेत स्वयंरोजगारच ठरते. दैनिक साताऱ्याचे आहे, पैसे रुपयांत मिळतात आणि ते वाईच्या बँकेत जमा होतात, या सबबी चालत नाहीत. काम करताना तुम्ही ब्रिटनमध्ये बसला होता, एवढे पुरेसे असते. जाहिरातींचे उत्पन्न देणारी यूट्यूब वाहिनीही याच नियमात अडकते. एम.ए.च्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत नोकरी करता येते, आणि बिनपगारी नोकरीही त्या तासांत धरली जाते. म्हणजे कॉफीच्या दुकानात कप विसळण्यास हरकत नाही, पण ज्या विद्येसाठी आपण समुद्र ओलांडला तिच्यातील एक बातमी पाचशे रुपयांना विकायची सोय नाही. अभ्यासक्रमाचाच भाग असलेली वृत्तसंस्थेतील उमेदवारी मात्र वेगळी मानली जाते, म्हणून ती कोठे आणि किती आठवड्यांची आहे, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.

पदवीनंतर ‘ग्रॅज्युएट रूट’चा व्हिसा घेतला की मुक्त पत्रकारिता करता येते. 2026 अखेरपर्यंत अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांचा मिळतो; 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या एम.ए. झालेल्यांसाठी ती मुदत 18 महिन्यांवर येते. त्यापुढे टिकायचे, तर नोकरी देणाऱ्याने पुरस्कृत केलेला व्हिसा लागतो आणि त्यासाठीची सर्वसाधारण किमान पगाराची अट वर्षाला 41,700 पौंड आहे. नवोदितांना सवलत असली, तरी स्थानिक दैनिकातील नवख्या बातमीदाराचा पगार सहसा त्या सवलतीच्या आकड्यापर्यंतही पोहोचत नाही. परतण्याचे तुम्ही आधीच ठरवले आहे, हे या दृष्टीने बरेच आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. मी स्वतः तिथे शिकत असताना सरावासाठी एका चोरीची बातमी लिहिली होती आणि सवयीने तिच्यात आपले नेहमीचे वाक्य इंग्रजीत उतरवले होते : पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली. शिक्षकांनी त्या वाक्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि समासात एवढेच लिहिले, ‘हे छापले, तर संपादक न्यायालयात उभा राहील.’ 1981 च्या न्यायालय अवमान कायद्याप्रमाणे तिथे अटक होताच प्रकरण ‘सक्रिय’ समजले जाते, आणि ज्यामुळे खटल्यावर गंभीर विपरीत परिणाम होण्याचा मोठा धोका निर्माण होईल असा मजकूर त्यानंतर प्रसिद्ध करता येत नाही; आरोपीचे जुने गुन्हे आणि कथित कबुलीजबाब त्यात सर्वांत आधी येतात, कारण गंभीर खटल्यांचा निकाल सामान्य नागरिकांतून निवडलेले ज्युरी देतात आणि तेही सकाळी वर्तमानपत्र वाचतात. आपल्याकडे ज्युरी नाहीत, पण पोलिसांपुढची कबुली आपल्याही कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तरीही ती आपल्या पहिल्या पानावर चालते. हे वाक्य लिहिताना हात अडखळायला लागणे, हा त्या वर्षाचा मला झालेला सर्वांत मोठा लाभ.

तिथल्या न्यायालयात परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करता येत नाही आणि छायाचित्रण तर 1925 पासून निषिद्ध आहे. त्यामुळे तिथला बातमीदार आजही लघुलेखन शिकतो. ‘टीलाइन’ या पद्धतीत मिनिटाला 100 शब्दांचा वेग हे जुने प्रमाण आहे. आपल्याकडे लघुलेखन म्हटले, की सरकारी नोकरीची परीक्षा डोळ्यांपुढे येते, ही गोष्ट निराळी.

माहितीच्या अधिकारात तुम्ही गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज केले असतीलच. आपला 2005 चा कायदा केवळ भारतीय नागरिकांसाठी आहे, तर ब्रिटनच्या 2000 च्या कायद्याखाली परदेशी विद्यार्थीही कार्डिफच्या नगर परिषदेला माहिती मागू शकतो. अर्जाला शुल्क नाही आणि उत्तराची मुदत कामकाजाच्या 20 दिवसांची. पहिल्याच महिन्यात एक अर्ज टाकून पाहावा, बातमी आपोआप मिळते.

कार्डिफचा विचार मराठी पत्रकाराने अवश्य करावा, असे मला आणखी एका कारणाने वाटते. कार्डिफ ही वेल्सची राजधानी, आणि 2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये तिथली मूळ भाषा, म्हणजे वेल्श, बोलणारे सुमारे 5 लाख 38 हजार होते. तुमच्या एकट्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्येच तीस लाखांवर गेली होती. तरी त्या मूठभर वेल्श भाषकांसाठी स्वतंत्र रेडिओ केंद्र आहे, साप्ताहिक आहे आणि 1982 पासून ‘एस फोर सी’ ही दूरचित्रवाहिनी आहे, जी मिळवण्यासाठी ग्विनफोर एव्हान्स या नेत्याने 1980 मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला होता आणि थॅचर सरकारला माघार घ्यावी लागली होती. इंग्रजीच्या दाराशी राहून आपल्या भाषेत रोज बातम्या देणारी ही माणसे कसे काम करतात, हे जवळून पाहता आले, तर परत येऊन मराठीत काम करण्याची तुमची उमेद वाढेल.

पैशांसाठी ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा प्रयत्न करा. तिला 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, त्यात अर्धवेळ आणि बिनपगारी कामही धरतात, आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, जे तुम्हाला हवेच आहे. तुमची अडचण पुराव्याची येईल, कारण तालुका प्रतिनिधीच्या तासांची नोंद कोणीच ठेवत नाही. मानधनाच्या पावत्या, नावानिशी छापून आलेल्या बातम्यांची कात्रणे आणि आवृत्तीप्रमुखांचे तारखांसह पत्र आत्ताच गोळा करून ठेवा. ते पदावर असेतोवर पत्र सहज मिळते.

प्रश्न : मुलाला ब्रिटनमधील दोन अभ्यासक्रमांना प्रवेश मिळत आहे. एकाच्या नावात ‘इंटरनॅशनल जर्नालिझम’ आहे, दुसऱ्याच्या नावात ‘न्यूज जर्नालिझम’. कोणता निवडावा?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नावावर जाऊ नये. तरीही पहिल्या प्रकारच्या वर्गात बहुतेक विद्यार्थी परदेशीच असतात, आणि स्थानिक न्यायालये, नगर परिषदा व लघुलेखन यांचा सराव अनेकदा तिथे कमी असतो. दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासक्रमाला पुष्कळदा ‘एनसीटीजे’ या 1951 मध्ये स्थापन झालेल्या प्रशिक्षण परिषदेची मान्यता असते, आणि तिथल्या स्थानिक वृत्तपत्रांत तिला वजन आहे. मुलाला परत येऊन दिल्ली-मुंबईत आंतरराष्ट्रीय घडामोडींवर लिहायचे असेल, तर पहिला चालेल. बातमीदारीच शिकायची असेल, तर दुसरा. विषयांच्या यादीत माध्यमविषयक कायदा हा सक्तीचा विषय नसेल, तर मात्र दोन्हींपैकी कोणत्याही अभ्यासक्रमासाठी कर्ज काढू नये.