चिंतामणराव देशमुख राजकारणी होते की प्रशासक?

मुळात प्रशासक. राजकारणात ते आले ते अर्थमंत्रिपदामुळे. १९१८ साली आयसीएस (ब्रिटिशकालीन सनदी सेवा) परीक्षेत पहिले, १९४३ ते ४९ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून (आजचा रायगड) लोकसभेवर गेले. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. महाराष्ट्रात त्यांचं नाव आजही आदराने निघतं ते मुख्यतः यासाठी, आणि ते योग्यच आहे.

विद्यापीठांचं काम मात्र अकारण झाकोळलं जातं. १९५६ ते ६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाला कायद्याचं अधिष्ठान १९५६ सालीच मिळालं, म्हणजे घडी बसवण्याचा काळ त्यांच्याच वाट्याला आला. पुढे १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू.

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी ‘स्वतंत्र पक्ष’ आणि जनसंघ या पक्षांच्या पाठिंब्यावर लढवली व तिसरे आले. पहिल्या पसंतीत आघाडीवरच्या अपक्ष व्ही. व्ही. गिरींनाही निम्मी मतं नव्हती, त्यामुळे दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बहुतांशी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डींकडे गेली, तरीही गिरी थोडक्यात जिंकले.