मोठ्या मायचे लुगडे आणि म्हशीचा पान्हा

खानदेशातून या सदराकडे आलेली या वेळची बहुतेक पत्रे एकत्र कुटुंबांतल्या गोठ्यांची आहेत. जिथे आजोबा, मुलगा, सून आणि नातवंडे एकाच दावणीभोवती वावरतात, तिथे जनावरांचे प्रश्न आणि माणसांचे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. म्हणून उत्तरेही दोन्हींना धरूनच दिली आहेत.

प्रश्न : आमचे घर अमळनेर तालुक्यात असून चार पिढ्या एकत्र राहतात. आजेसासूबाईंना सगळे ‘मोठी माय’ म्हणतात. त्यांचे गुडघे आता धरतात, तरी चंद्री नावाची आमची म्हैस त्यांच्याखेरीज कोणालाही पान्हा सोडत नाही. त्या लग्नानिमित्त बाहेरगावी गेल्या होत्या, तेव्हा माझ्या मिस्टरांनी त्यांचे लुगडे अंगाला गुंडाळून धार काढली आणि चंद्रीने खरोखरच नेहमीइतके दूध दिले. तेव्हापासून गल्लीतली पोरे संध्याकाळी आमच्या गोठ्यासमोर जमतात. दूध काढण्याचे यंत्र आणले आहे, पण त्याचा आवाज झाला की ती दावे तोडू पाहते. मोठी माय म्हणतात, ‘ती मना हात वयखस’ (ती माझा हात ओळखते). हे खरे आहे का, आणि पुढे काय करावे?

उत्तर : मोठी माय म्हणतात ते अगदी खरे आहे. कास धुतली, आचळांना ओळखीचा हात लागला किंवा रेडकू पाजले, की त्याची संवेदना मेंदूपर्यंत जाते, तिथून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि कासेतल्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळून दूध खाली ढकलतात. हाच पान्हा. गायीच्या कासेत काही दूध आचळांच्या वरच्या पोकळीत आधीच उतरलेले असते, त्यामुळे पान्हा नीट आला नाही तरी थोडेफार हाती लागते. म्हशीच्या बाबतीत जवळजवळ सगळे दूध वरच्या पिशव्यांतच अडकलेले असते. म्हणून म्हशीने पान्हा चोरला की धार काढणाऱ्याची बादली रिकामीच राहते. शिवाय म्हैस पान्हा सोडायला गायीपेक्षा जास्त वेळ घेते आणि एकदा सुटलेल्या पान्ह्याचा जोर काही मिनिटांतच ओसरतो.

याच्या उलट, जनावर बिचकले की शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते आणि ते पान्ह्याचे काम थांबवते. अनोळखी वास, यंत्राची घरघर आणि गोठ्यासमोर खिदळणारी पोरे या तिन्ही गोष्टी चंद्रीच्या दृष्टीने धोक्याच्याच आहेत. लुगड्याला मोठ्या मायचा वास असतो आणि म्हैस वासावर फार विसंबते, त्यामुळे तुमच्या मिस्टरांनी केलेला उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेळेला जनावराची सोय ओळखून त्यांनी गल्लीची पर्वा केली नाही, याबद्दल मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते. पोरांना मात्र धारेच्या वेळी लांबच ठेवावे.

आता पुढचे. मोठ्या मायला धारेच्या कामातून एकदम काढू नये, तर हळूहळू मोकळे करावे. पहिले काही दिवस त्यांनी चंद्रीच्या तोंडाशी खुर्चीवर बसून रोजच्यासारखे बोलावे आणि भिजवलेली सरकीची ढेप त्यांच्याच हाताने तिच्यापुढे ठेवावी. कास धुण्याचे काम तेवढे तुमच्या मिस्टरांनी करावे. ती शांत राहू लागली की शेवटच्या धारा त्यांनी काढाव्यात, मग निम्म्या, मग सगळ्या. वेळ, बादली, जागा आणि दावणीतला क्रम यांत या काळात काहीही बदल करू नये, कारण म्हैस एका वेळी एकच नवी गोष्ट सोसते. लुगड्याचा एखादा तुकडा खांद्यावर ठेवला तरी चालेल. तो किती दिवस ठेवायचा हे चंद्रीच ठरवील. यंत्राचा विचार त्यानंतर करावा. ते आधी न जोडता नुसतेच थोड्या अंतरावर चालू ठेवावे आणि ढेप खाताना त्या आवाजाकडे ती दुर्लक्ष करू लागली की मगच कासेला लावावे.

हा बदल वैशाखात सुरू करू नये. तापीकाठच्या उन्हात म्हैस आधीच बेजार असते आणि त्या दिवसांत तिला नव्या माणसाची सवय लावणे म्हणजे तिच्यावर दुहेरी ताण टाकणे होय. मृगाचा पाऊस पडून हवा निवळेपर्यंत थांबावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘सुई मारा, लगेच पान्हा सोडेल’ असा सल्ला देणारे कोणी ना कोणी भेटेलच. तो ऐकू नये. रोजच्या इंजेक्शनने जनावर त्याच्याशिवाय पान्हा सोडेनासे होते, आणि अधिक दुधासाठी जनावराच्या प्रकृतीला अपायकारक असे काहीही टोचणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने नव्या कालवडीचे नाव त्याच्या आत्याच्या नावावरून ‘सुमन’ ठेवले. नणंदबाई माहेरी आल्या असताना सासऱ्यांनी अंगणातून ‘सुमनला पेंड टाकली का रे?’ असे विचारले आणि त्या दोन दिवस रुसून बसल्या. नाव बदलले तर कालवड ओळखेल का? (शहादा तालुका)

उत्तर : ओळखेल. पुकारल्याबरोबर चारा मिळतो हे कळले की थोड्याच दिवसांत ती नव्या नावालाही कान टवकारते. रंगावरून चांदी, कपिली, मोरी अशी नावे ठेवण्याची जुनी रीत सोयीची होती, कारण त्यात माणसांच्या नावांशी गल्लत होत नसे. सरकारी नोंदीला नावाची गरज नसते. लाळ्या-खुरकुताची लस असो वा विमा, तिथे कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक चालतो. मुलाला रागावू नका. आत्या त्याला आवडते म्हणूनच त्याने आवडत्या कालवडीला ते नाव दिले, हे नणंदबाईंना त्याच्याच तोंडून ऐकू द्या.

प्रश्न : आमचे आबा धार काढताना शेवटचे दूध मुद्दाम रेडकासाठी कासेत सोडतात. माझा मुलगा म्हणतो, त्यामुळेच डेअरीवर फॅट कमी लागते. सकाळ-संध्याकाळ दोघांचा वाद चालतो. बरोबर कोण? (चोपडा तालुका)

उत्तर : फॅटचे निरीक्षण मुलाचे बरोबर आहे. पहिल्या धारांत स्निग्धांश सर्वांत कमी असतो आणि तो वाढत जाऊन शेवटच्या धारांत सर्वांत जास्त होतो. म्हणजे आबा रेडकाला साय देतात आणि डेअरीला पातळ दूध जाते. म्हशीच्या दुधाचा भाव ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हा पाया धरून ठरतो, त्यामुळे हा फरक थेट पैशांत दिसतो. पण आबांचा हेतूही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या घरात रेडके उपाशी ठेवून दूध विकले, त्या घराला पुढे बाजारातून म्हशी विकत आणाव्या लागल्या, हे त्यांच्या पिढीने पाहिलेले आहे आणि आजही ते बदललेले नाही.

दोघांनाही पटेल असा मार्ग आहे. पान्ह्यापुरते रेडकू आधी पाजावे, मग धार शेवटपर्यंत काढावी आणि रेडकाचा वाटा मापाने बाजूला काढून पाजावा. पहिल्या महिन्यात दिवसाला वजनाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर, हे माप ठेवावे. हे माप आबांच्या हाती द्यावे, कारण त्यात हात आखडता घेतला जाणार नाही, याची खात्री त्यांच्याइतकी कोणी देऊ शकत नाही. चिकाच्या बाबतीत तर वादच नको. रेडकू जन्मल्यापासून तासा-दोन तासांत तो त्याच्या पोटात जायला हवा. खरवसासाठी वाटी घेऊन आलेल्या शेजाऱ्यांनी थोडे थांबावे.

मुलालाही एक सांगणे आहे. दोन धारांमधले अंतर कमी असले की फॅट जास्त लागते, म्हणून सकाळ आणि संध्याकाळचे आकडे सारखे येत नाहीत. नमुना घेण्यापूर्वी दूध नीट ढवळले जाते का, हेही पाहावे. रेडकावर ठपका ठेवण्याआधी एवढी चौकशी व्हायला हवी.

प्रश्न : गेल्या पोळ्याला आमच्या बैलजोडीतल्या एकाचे पोट बिघडले. घरातल्या प्रत्येकाने त्याला पुरणपोळी भरवली, शिवाय जोडी गल्लीत प्रत्येक घरी पूजेला गेली. आजोबांना कोण थांबवणार? (पारोळा तालुका)

उत्तर : बैलाच्या कोठीपोटात चारा पचवणारे जिवाणू असतात. पुरण, गूळ, भात असे पिष्टमय व गोड पदार्थ एकदम जास्त गेले की तिथे आम्ल झपाट्याने वाढते, रवंथ बंद पडते आणि जनावर दगावूही शकते. त्यामुळे ही तक्रार हलक्यावारी घेऊ नये. नैवेद्याची एकच पोळी करून तिचे तुकडे सगळ्या घराने मिळून भरवावेत. गल्लीत मात्र ओवाळणी आणि पाणी एवढेच घ्यावे, आणि हे आजोबांनीच पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी घरोघर सांगून ठेवावे. त्यांचा शब्द कोणी मोडणार नाही. निघण्यापूर्वी दादर ज्वारीचा कडबा पोटभर घालावा, म्हणजे बैल भुकेने हावरेपणा करत नाही. तरीही रवंथ थांबले, डावी कूस फुगली किंवा शेण पातळ व आंबूस वासाचे झाले, तर घरगुती औषधात वेळ न घालवता त्याच रात्री पशुवैद्यकास बोलवावे.