बारावीला गणित कुठलं घ्यायचं? एबी, बीसी की स्टॅट?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी अकरावीत आहे आणि प्रीकॅल्क्युलस ऑनर्समध्ये ए मायनस आहे. पुढच्या वर्षासाठी कोर्स निवडायचेत. तिला बायोलॉजी करायचंय, पुढे जमलं तर पब्लिक हेल्थ, म्हणून ती एपी स्टॅटिस्टिक्स म्हणतेय (एपी म्हणजे शाळेतच करायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स). तिचे बाबा म्हणतात, कॅल्क्युलस बीसीच घे, आम्ही बारावीला इंटिग्रेशन केलंच की. घरात रोज वाद चाललाय. काय करावं?

उत्तर : ताई, आधी बाबांच्या मुद्द्याबद्दल बोलते कारण तो अर्धा बरोबर आहे. आपल्याकडे बारावी सायन्सला इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन होतं, आणि इथे एपी कॅल्क्युलसचे एबी आणि बीसी असे दोन कोर्स असतात, त्यात हे दोन्ही एबीत नसून बीसीत आहे, म्हणजे तेवढ्यापुरती बाबांची घरी मदत होईल. पण बीसीत त्याशिवाय सिरीज (न संपणारी बेरीज) आहे, ती कन्व्हर्ज होते, म्हणजे एका ठरावीक आकड्याकडे जाते, की नाही हे ठरवायच्या सगळ्या टेस्ट, टेलर सिरीज, शिवाय पोलर आणि पॅरामेट्रिक, आणि मुलं खरी अडकतात ती सिरीजमध्ये. साधारण एबी म्हणजे कॉलेजचं एक सेमिस्टर आणि बीसी म्हणजे दोन, आणि ते एका वर्षात करायचं, तेही कॉलेजचे फॉर्म आणि निबंध चालू असताना. इंजिनिअरिंग किंवा फिजिक्सला जायचं असतं आणि पोरीला स्वतःला हवं असतं तर मी बीसीच म्हटलं असतं. बायोलॉजीसाठी बीसीचा हट्ट नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तिचं म्हणणं. पब्लिक हेल्थला स्टॅट रोजच लागतं. सँपल कसं घेतलं, पी व्हॅल्यू म्हणजे नक्की काय, कॉन्फिडन्स इंटरव्हल कसा वाचायचा, हे तिच्या कामाचंच आहे, त्यामुळे ती सोप्पं बघून पळतेय असं अजिबात समजू नका. पण स्टॅटला अल्जिब्रा टू पुरतं, ते कॉलेजात कधीही घेता येईल. कॅल्क्युलसचं तसं नाही, बायोलॉजीच्या बऱ्याच डिग्रींना ते लागतं आणि मध्ये वर्षभर गॅप पडली की प्रीकॅल्कमधलं ट्रिग आणि लॉग हातातून जातं. म्हणून मी म्हणेन एबी घ्या, आणि स्टॅट इलेक्टिव्ह म्हणून बसतंय का ते काउन्सेलरना विचारा, काही शाळांत दोन्ही घेता येतं.

ठरवायच्या आधी एक करा. तिला हे गणित द्या : एक भागिले (एक्स अधिक एच), त्यातून एक भागिले एक्स वजा कर, आणि जे येईल त्याला एचने भाग. उत्तर येतं उणे एक भागिले [एक्स गुणिले (एक्स अधिक एच)], मग एच शून्याकडे नेला की उणे एक भागिले एक्सचा वर्ग, आणि हेच एक भागिले एक्सचं डेरिव्हेटिव्ह. कॅल्क्युलसची कल्पना मुलांना पटकन कळते हो, ती अडतात ती अशा अपूर्णांकांच्या अल्जिब्रात. तिने छेद नीट सारखे केले, उणे चिन्ह सांभाळलं आणि एच उडवला तर एबी निर्धास्त घ्या. पुन्हा पुन्हा अडखळली तर उन्हाळ्यात बाबांनी तिच्याबरोबर बसून तेवढंच पक्कं करून घ्यावं, आणि तरीही जमेना तर स्टॅट घेऊ द्या, बिनधास्त.

ग्रेड आता महत्त्वाचे नाहीत असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका, बारावीचे कोर्स अर्जात दिसतात आणि अर्ध्या वर्षाचे मार्क बहुतेक कॉलेजं मागवतात. एबीत बी प्लस आला तर आभाळ कोसळत नाही, पण बीसी घेऊन सी आला तर तो तिथे दिसतो.

आणि बाबा अगदीच ऐकत नसतील, तर बीसीमधून एबीत उतरता येतं का, कुठल्या तारखेपर्यंत, आणि ट्रान्सक्रिप्टवर त्याची नोंद राहते का, हे शाळेला सही करायच्या आधी ईमेलवर विचारून घ्या. प्रत्येक शाळेचा नियम वेगळा असतो.